पर्सेंटाइल, पसंतीक्रम आणि पालक : निकालानंतरच्या सहा आठवड्यांची पार्श्वभूमी

राज्य मंडळाचा निकाल ऑनलाइन पाहायला दोनच गोष्टी लागतात : बैठक क्रमांक आणि आईचे पहिले नाव. दोन्ही घरात सगळ्यांना ठाऊक असतात. त्यामुळे दुपारी एकला निकाल उघडला की मुलाच्या आधी काका, मावशी, क्लासचे सर आणि शेजारचे कुणी तरी तो पाहून मोकळे होतात. मुलाला स्वतःचे गुण दुसऱ्याच्या फोनवरून कळतात. बैठक क्रमांक नातेवाइकांच्या ग्रुपवर न टाकणे ही पालकांच्या हातातली पहिली गोष्ट. ती फार जणांकडून राहून जाते.

पुढचा प्रश्न असतो, ‘आता कुठे मिळेल?’ या प्रश्नाचे उत्तर पालक स्वतःच्या आठवणीतून देतात आणि गोंधळ तिथे सुरू होतो. ज्या पद्धतीने त्यांना प्रवेश मिळाला ती पद्धत आता राहिलेली नाही.

दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ ची. तेव्हापासून पुढची तीन दशके अकरावीचा प्रवेश म्हणजे प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म, वेगळी रांग आणि फलकावर लागणारी यादी. वडील एका कॉलेजच्या रांगेत, आई दुसऱ्या. पहिल्या यादीत नाव नसले तर दुसरी, मग तिसरी. अनिश्चितता तेव्हाही होती, पण ती डोळ्यांना दिसत होती : फलकावरचा शेवटचा आकडा ८४ असेल आणि आपले ८३ असतील तर दुसऱ्या यादीपर्यंत थांबायचे, एवढे साधे गणित. मुंबई महानगर प्रदेशात २००९ पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले, पुढे पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती या शहरांत, आणि २०२५ मध्ये सगळ्या राज्यात. रांगा संपल्या, पण थांबण्याचे कारण नियमांच्या आत जाऊन बसले.

आजच्या नियमांमागे २००८ ते २०१० या तीन वर्षांतला एक वाद आहे. तो नीट समजून घेतला तर पुढची बरीच गुंतागुंत उलगडते.

प्रश्न होता वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका यादीत कसे बसवायचे याचा. राज्य मंडळाच्या मुलाची टक्केवारी तेव्हा सगळ्या विषयांवर निघायची, तर आयसीएसई या दुसऱ्या मंडळाच्या विद्यार्थ्याला सर्वोत्तम पाच विषयांचा फायदा मिळायचा. मुंबईतल्या नावाजलेल्या कॉलेजांत अर्ध्या टक्क्यावर शेकडो मुले मागेपुढे होतात, त्यामुळे राज्य मंडळाच्या पालकांची तक्रार रास्त होती. २००८ मध्ये राज्य सरकारने त्यावर ‘पर्सेंटाइल’चे सूत्र आणले : मुलाचे गुण त्याच्याच मंडळातल्या अव्वल विद्यार्थ्यांच्या गुणांशी ताडून पाहायचे. मराठी घरांत हा शब्द मोठ्या प्रमाणावर शिरला तो इथे, आणि शिरतानाच चुकीचा अर्थ घेऊन शिरला. संख्याशास्त्रात पर्सेंटाइल म्हणजे आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण किती जणांना आहेत याचे प्रमाण. २००८ च्या सूत्राचे मोजमाप वेगळे होते. उच्च न्यायालयाने ते रद्द केले.

२००९ मध्ये ९०:१० आले. अकरावीच्या ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना आणि उरलेल्या १० टक्के इतर मंडळांना. तेही न्यायालयात टिकले नाही. २०१० मध्ये सरकारने ‘बेस्ट फाइव्ह’, म्हणजे सर्वोत्तम पाच विषयांचेच गुण धरण्याचे सूत्र, राज्य मंडळालाही लागू केले. जूनमध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले, जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले. तीन उन्हाळे हजारो घरांत बॅग भरून ठेवल्यासारखी अवस्था होती. गुण हातात होते, पण त्या गुणांची किंमत न्यायालयात ठरत होती.

बेस्ट फाइव्हने काय बदलले हे एका उदाहरणात दिसते. एका मुलीला पाच विषयांत ९५ आणि सहाव्यात ७० गुण आहेत. सहा विषयांची बेरीज ५४५, म्हणजे ६०० पैकी ९०.८३ टक्के. सर्वोत्तम पाच घेतले तर ५०० पैकी ४७५, म्हणजे ९५. एका विषयात घसरलेली मुलगी जवळपास सव्वाचार टक्के वर सरकते. माझ्या मते मंडळांमधली तफावत भरून काढण्याचा त्या काळातला हाच मार्ग प्रामाणिक होता. पण त्याचा एक परिणाम पालकांच्या ध्यानात येत नाही : सगळीच मुले वर सरकतात, म्हणून कटऑफही वर सरकतो. ‘आमच्या वेळी ८५ म्हणजे डोक्यावरून पाणी’ हे वाक्य आज निरर्थक आहे, आणि ९१ मिळवलेल्या मुलाला ते ऐकवले की ना त्याचा उपयोग होतो ना धीर.

कला आणि क्रीडा प्रकारांचे वाढीव गुण याच बेरजेत येतात. २०१९ मध्ये १०० टक्के मिळवणारी मुले २० होती, २०२० मध्ये २४२. मधल्या एका वर्षात मुले बारापट हुशार झाली नव्हती. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन बंद केले होते. दहावीचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. इतर मंडळांचे अंतर्गत गुण तसेच राहिले, आणि २०१० चा वाद नव्या रूपात परत आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. म्हणून कटऑफ पाहताना एकाच वर्षाचा आकडा घेऊ नये. मागच्या तीन वर्षांचे, आपल्याच शाखेचे, आपल्याच माध्यमाचे, अनुदानित की विनाअनुदानित ते पाहून, आणि आपल्याच प्रवर्गाचे आकडे शेजारी ठेवावेत. कटऑफ कॉलेज ठरवत नाही. तिथे शेवटी प्रवेश मिळालेल्या मुलाचे गुण म्हणजे कटऑफ, म्हणजे तो यादी लागल्यावरच तयार होतो.

२०२१ चे वर्ष वेगळे. परीक्षा झालीच नाही. नववीचे ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकांचे २० असे धरून निकाल ९९.९५ टक्के लागला. अकरावीसाठी घ्यायची ठरवलेली सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला, परीक्षेच्या अकरा दिवस आधी, रद्द केली. त्या तुकडीतल्या अनेक मुलांनी आयुष्यातली पहिली मोठी लेखी परीक्षा थेट बारावीला दिली. त्यांच्या बारावीनंतरच्या धास्तीचे मूळ तिथे होते.

बारावीनंतरच्या प्रवेशात पर्सेंटाइल परतला तो २०१९ मध्ये, आणि या वेळी खऱ्या अर्थाने. अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटी त्या वर्षीपासून संगणकावर, अनेक सत्रांत होऊ लागली. रोजचा पेपर वेगळा, म्हणून थेट गुणांची तुलना करता येत नाही. प्रत्येक सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण किती जणांना आहेत, ते प्रमाण दशांश चिन्हापुढे सात अंकांपर्यंत काढले जाते.

इथे पालकांची एकच चूक पुन्हा पुन्हा होते : पर्सेंटाइलला टक्के समजणे. ‘७० टक्केच?’ असे मुलाला विचारले जाते, प्रत्यक्षात ते ७० पर्सेंटाइल असतात. २०० पैकी गुण किती हा आकडा वेगळाच असतो, आणि अवघड पेपरच्या सत्रात निम्मे गुण मिळवणारा मुलगा ९० पर्सेंटाइलच्या वरही असू शकतो. तो आकडा वाचायची सोपी रीत अशी : शंभरातून वजा करा आणि परीक्षा दिलेल्यांच्या संख्येला लावा. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात ४ लाख मुले धरली तर ९९ पर्सेंटाइल म्हणजे पुढे सुमारे ४ हजार, ९६ म्हणजे १६ हजार, ९० म्हणजे ४० हजार. ९० आणि ९६ मधले अंतर सहाचे दिसते, पण ते २४ हजार मुलांचे आहे. म्हणून अभियांत्रिकीच्या प्रवेशात पाहायचा तो राज्य गुणवत्ता क्रमांक. मागच्या वर्षीचा शेवटचा पर्सेंटाइल आणि शेवटचा क्रमांक दोन्ही उपलब्ध असतात, त्यातला क्रमांक धरावा. आणि सीईटी कितीही चांगली गेली तरी बारावीत संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात, हे निकालाआधी तपासून ठेवावे.

आता पसंतीक्रम. अकरावीच्या अर्जाचे दोन भाग. पहिल्यात वैयक्तिक माहिती आणि गुण, दुसऱ्यात एक ते दहा पसंती. २०२५ च्या नियमानुसार पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास नियमित फेऱ्यांमधून विद्यार्थी बाहेर पडतो आणि सर्वांसाठी खुल्या फेरीपर्यंत थांबतो. ‘मिळणार नाहीच, तरी टाकून बघू’ म्हणून घरापासून दीड तासावरचे नावाजलेले कॉलेज पहिल्या ओळीत टाकले आणि ते मिळाले, की मग घरात वाद सुरू होतात. पहिल्या ओळीत रोज जायला तयार असू असेच कॉलेज हवे. दहापैकी दोन-तीन आपल्या गुणांच्या थोडी वरची, चार-पाच आसपासची, दोन-तीन नक्की मिळणारी आणि ये-जा जमणारी. दहाच्या दहा वरची टाकली की पहिल्या यादीत नाव येत नाही आणि मुलाला वाटते आपल्याला कुठेच जागा नाही. प्रत्यक्षात २०२५ मध्ये राज्यात अकरावीच्या जागा २० लाखांहून जास्त होत्या आणि दहावी उत्तीर्ण नियमित विद्यार्थी साडेचौदा लाखांच्या आसपास. हे दोन आकडे निकालाच्या आधीच मुलाला सांगावेत. यादीत नाव न येण्याची वेळ त्यासाठी उशिराची.

अभियांत्रिकीत हाच नियम टप्प्याटप्प्याने घट्ट होतो. २०२५ पासून चार फेऱ्या आहेत : पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसरीत पहिल्या तिन्हींपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही मिळाली, तर जागा आपोआप गोठते, म्हणजे तीच पक्की होते. त्याखालची मिळाली आणि समाधान नसेल तर जागा स्वीकृती शुल्क १,००० रुपये भरून बेटरमेंट घेता येते, म्हणजे ती जागा राखून वरच्या पसंतीसाठी पुढच्या फेरीत जाता येते. पण पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली की आधीची जागा त्याच क्षणी जाते, दोन्हींतून निवडायची मुभा राहत नाही. जुन्या नियमांत शिकलेले मोठे भाऊ आणि बहिणी इथेच चुकीचा सल्ला देतात. पसंतीक्रम भरल्यावर अर्ज लॉक केला का, हेही पाहावे. सायबर कॅफेत भरलेल्या अर्जात मोबाइल नंबर कॅफेवाल्याचा राहिला आणि ओटीपी तिकडेच जात राहिला, असे सर्रास होते. लॉगिन आणि पासवर्ड कागदावर लिहून घरात ठेवावा.

कागदपत्रांची बाजू निखळ पालकांची आहे आणि ती मुलावर टाकू नये. नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्राची (उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची) मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून तारीख आधी पाहावी. राखीव जागेवर अभियांत्रिकीसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्याला महिने जातात, अर्ज अकरावीतच टाकायचा. अर्जात प्रवर्ग निवडला आणि मुदतीत दाखला आला नाही तर विद्यार्थी खुल्या प्रवर्गात जातो, क्रमांक घसरतो. आरक्षणाचे कायदेही मध्येच बदलले आहेत : सप्टेंबर २०२० मध्ये मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या स्थगितीनंतर दुसऱ्या यादीच्या तोंडावर थांबलेली अकरावीची प्रवेश प्रक्रिया नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू झाली.

गुण कमी वाटले तर गुणपडताळणी प्रतिविषय ५० रुपये, उत्तरपत्रिकेची छायाप्रत ४०० आणि पुनर्मूल्यांकन ३००. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. आधी शाळेतल्या विषयशिक्षकांना छायाप्रत दाखवावी, मगच पुढचे पैसे भरावेत. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीने, म्हणजे ते विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीने, अकरावीचा वर्ग सुरू करता येतो, आणि २०१५ पासून पुरवणी परीक्षा ऑक्टोबरऐवजी जून-जुलैतच होत असल्याने वर्ष वाया जात नाही. ही माहिती निकालाच्या दिवशी संध्याकाळच्या आत मुलाच्या कानावर गेली पाहिजे. त्या रात्री ती सर्वांत जास्त लागते.

२०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला. अर्जांचे संकेतस्थळ २१ मे रोजी पहिल्याच दिवशी कोलमडले, २६ मे रोजी पुन्हा सुरू झाले, आणि पहिली यादी जूनच्या शेवटी आली. म्हणजे सहा आठवडे. क्लास सुरू झालेला असतो, मित्रांचे गुण कळलेले असतात, कॉलेज ठरलेले नसते. या काळात मूल रात्री जागू लागले, जेवणाला नाही म्हणू लागले, मित्रांचे फोन घेईनासे झाले किंवा ‘माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले’ असे बोलले, तर ‘होईल सगळे ठीक’ म्हणून विषय बदलू नये. शेजारी बसून काय वाटते ते विचारावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. मरणाचा उल्लेख झाला तर एकटे सोडू नये. १४४१६ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही, आणि पालकही स्वतःसाठी फोन करू शकतात. संकेतस्थळ दिवसातून किती वेळा उघडायचे तेही घरात ठरवून घ्यावे. वेळापत्रकात यादीची तारीख दिलेली असते, ती पुढे ढकलली तर सूचना येते. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाहिले तरी काही सुटत नाही.