एस्पेरांतो आठवड्यात येते का?

"एस्पेरांतोचे सोळाच नियम, आठवड्यात येते की," असे रंकाळ्यावर फिरायला येणारी कॉलेजची पोरे मला अजून सांगतात. एस्पेरांतो म्हणजे निरनिराळ्या देशांतल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून मुद्दाम घडवलेली भाषा. पोरांच्या म्हणण्यातले निम्मेच खरे. तिचे कर्ते झामेनहोफ यांनी १८८७ साली पोलंडमधल्या वॉर्सात ही भाषा मांडली तेव्हा सोळा नियम दिले, पण तो थोडक्यात सांगितलेला आराखडा होता. वाक्य कसे जुळवायचे, कुठला शब्द कुठे शोभतो, हे त्यात मावत नाही.

सोपेपणा खरा आहे, फक्त तो दुसरीकडे आहे. प्रत्येक नाम 'ओ'ने संपते, विशेषण 'आ'ने. निर्जीव वस्तूंना लिंग नाही; 'तो टेबल की ते टेबल' हा वाद तिथे उद्भवतच नाही. 'बोना' म्हणजे चांगला, 'मालबोना' वाईट. 'लेर्नी' शिकणे, 'लेर्नेयो' शाळा. कर्माला 'न' लागतो: 'हुंदो' कुत्रा, 'हुंदोन' कुत्र्याला. इंग्रजीवाल्यांना हे जड जाते, विभक्ती पाठ केलेल्या आपल्याला ओळखीचे वाटते.

खरी मेहनत शब्दांची. ते बहुतेक युरोपीय भाषांतून आलेले. इंग्रजी चांगले येणाऱ्याला त्यातले बरेच ओळखू येतात. निव्वळ मराठीवर वाढलेल्याला एकेक पाठ करावा लागतो, आणि त्याला आठवडा पुरत नाही.