ओढ्याचा पूर मोजायचा कसा?

गोदावरी, मांजरा अशा मोठ्या नद्यांवर पाणी मोजणारी केंद्रं आहेत. गावच्या शिवारातल्या ओढ्यावर बहुधा काहीच नसतं. तरी पूल बांधायचा तर तिथून किती पाणी जाईल, हे आधी ठरवावं लागतं.

एक वाट पावसावरून जाते. पाणलोटाचं क्षेत्र, पावसाचा जोर आणि पडलेल्यापैकी वाहून जाणारा वाटा, यांच्या गुणाकारातून अंदाज निघतो. खरी मेख त्या वाट्यात आहे. जूनमध्ये मराठवाड्यातली काळी जमीन भेगाळलेली असते. सुरुवातीचा पाऊस ती पिऊन टाकते. सप्टेंबरपर्यंत माती फुगून भेगा मिटतात आणि पाणी वरून वाहू लागतं. ५ चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस धरा. ३० टक्के पाणी वाहिलं तर ओढ्याला सेकंदाला सुमारे २१ घनमीटर, ६० टक्के वाहिलं तर ४२. पाऊस तोच, पूर दुप्पट! शिवाय महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी धरतात. पण तो दिवसभर पडला की दोन तासांत कोसळला, यावर ओढ्याचं सगळं अवलंबून असतं.

दुसरी वाट पुराने मागे ठेवलेल्या खुणांची. मला ती अधिक मोलाची वाटते. बाभळीच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा, भिंतीवरची गाळाची रेघ. त्या उंचीपर्यंतचा पात्राचा आकार, उतार आणि खडबडीतपणा घेऊन मॅनिंगच्या सूत्राने प्रवाह काढता येतो. पात्रात वेड्या बाभळी माजल्या की खडबडीतपणा दुप्पटही होतो. मग त्याच पातळीला वेग निम्मा, आणि तेवढंच पाणी जायला पातळी वर चढते.

पूल केवढ्या पुरासाठी बांधायचा, हे ठरवताना '१०० वर्षांचा पूर' असा शब्द येतो. म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर. ३० वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही. मराठवाड्यात तर सरासरीवर विसंबताच येत नाही: २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षी पावसाळा सरताना मांजरेला पूर आला.

ही शक्यता काढायला अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. पूर ओसरताच पुलाच्या खांबावर रंगाची रेघ मारून तारीख लिहिली, तर गावालाही ती नोंद ठेवता येते. 'आमच्या आठवणीत पाणी मारुतीच्या पायरीवर कधी चढलं नाही' हे म्हाताऱ्या माणसांचं सांगणंही लिहून घ्यावं. न आलेल्या पुराचीही गणितात नोंद लागते.