हॅश जुळला म्हणजे हिशोब जुळला का?

हिंगोली जिल्ह्यातलं एखादं रास्त भाव दुकान डोळ्यांपुढे आणा. पुरवठा निरीक्षक तपासणीला येतात. रेशनच्या आवक-वाटपाची नोंद ठेवणारं ई-पॉस मशिन म्हणतं, तांदूळ ६२ क्विंटल शिल्लक आहे. मोजला तर भरतो ३८. तूट २४ क्विंटल, म्हणजे पन्नास किलोचे ४८ कट्टे. मशिनमधून निघालेली चिठ्ठी पंचनाम्याला जोडली जाते, खाली दुकानदाराची सही होते आणि जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली, गावच्या भाषेत ‘तीन-सात’चा (कलम ३ आणि ७), गुन्हा दाखल होतो.

ही चिठ्ठी पुढे कोर्टात जाते ती संगणकीय पुराव्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्रासह. गल्लत होते ती इथे. चिठ्ठी खरी आहे ही एक गोष्ट, आणि चिठ्ठीवरचा आकडा खरा आहे ही दुसरी. पहिली सिद्ध झाली की दुसरीही झालीच, असं धरून खटला पुढे सरकतो.

आधी पहिली गोष्ट. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यातलं संगणकीय नोंदींचं कलम ६५-ब म्हणजे आता कलम ६३. त्याच्या चौथ्या उपकलमाखालच्या प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिलाय. भाग ‘अ’ पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. उपकरणाचा प्रकार, बनावट, मॉडेल, अनुक्रमांक आणि फाईलचा हॅश, तोही कोणत्या पद्धतीने काढला (एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ की आणखी कुठली), हे सगळं त्यात येतं.

हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. फाईलमधला एक स्वल्पविराम हलला तरी ठसा बदलतो. म्हणून जप्तीच्या दिवशीचा आणि कोर्टातला हॅश एकच निघाला, तर मधल्या काळात फाईलला कोणी हात लावला नाही एवढं कळतं. पण आकडा हॅश काढण्याआधीच चुकलेला असेल तर? मग तो हॅश चुकीच्या ६२ क्विंटलचीच इमानदारीने राखण करतो. तहसीलमधून सातबाऱ्याची ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ मिळते तसंच हे. सातबाऱ्यावर भलत्याच माणसाचं नाव चढलं असेल तर नकलेतही तेच नाव येणार, आणि नक्कल बरोबरच ठरणार. त्या शिक्क्याने जमीन त्याची होत नाही, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मशिनच्या चिठ्ठीबाबत मात्र सांगावं लागतं.

आता दुसरी गोष्ट, आकडा. हिंगोलीचंच काल्पनिक उदाहरण पुढे नेऊ. महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक २० क्विंटल, गोदामातून आले २४, वाटप झालं ६. वीस अधिक चोवीस वजा सहा, बरोबर ३८. मोजणीतही तेवढेच निघाले. मशिनचे ६२ आले कुठून? वीस अधिक अठ्ठेचाळीस वजा सहा. म्हणजे २४ क्विंटलची आवक दोनदा चढली. रेंज गेली, पडदा अडकला, दुकानदाराने पुन्हा बटण दाबलं आणि सॉफ्टवेअरने त्याला नवी आवक समजून घेतलं. एकाच चलन क्रमांकावर (चलन म्हणजे मालासोबतची पावती) दुसरी आवक घ्यायची नाही, हा साधा अटकाव आत घालायचा राहिला की एवढं पुरतं. तूट बरोबर एका खेपेएवढी किंवा तिच्या पटीत असेल, तर चोरीच्या आधी दुहेरी नोंदीचा संशय घ्यावा. चोर साधारणपणे इतकं नेमकं मोजून नेत नाही.

हे कल्पनेतलं वाटत असेल तर ब्रिटनचं पोस्ट ऑफिस बघा. स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन इथे २०१५ साली ८,००० पौंडांची रोकड एका शाखेतून दुसरीकडे गेली. स्वीकारताना पडदा पुढे सरकेना, म्हणून ‘एंटर’ पुन्हा पुन्हा दाबलं गेलं. हिशोबात ८,००० चार वेळा चढले, ३२,००० झाले, आणि नसलेल्या २४,००० पौंडांची तूट दिसू लागली.

हिशोबाची ती संगणक प्रणाली म्हणजे होरायझन, फुजित्सू कंपनीने पुरवलेली. १९९९ ते २०१५ या काळात तिच्या आकड्यांच्या आधारे ९०० हून जास्त उपडाकपाल (टपाल शाखा चालवणारे) आणि कर्मचारी दोषी ठरले. त्यातले सुमारे ७०० खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवले. तक्रारदार तेच, तपास त्यांचा, खटला चालवणारेही तेच. शाखेच्या हिशोबात फुजित्सूचे कर्मचारी लांबून नोंदी घालू शकत होते, पण पोस्ट ऑफिस ते वर्षानुवर्षं नाकारत राहिलं. माहीत असलेल्या दोषांची नोंदवहीही होती, पण ती आरोपींच्या हाती पडली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले, एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा एकाच दिवशी रद्द केल्या, आणि मे २०२४ मध्ये संसदेने कायदाच करून उरलेल्या शेकडो शिक्षा एकगठ्ठा पुसल्या.

तिथल्या कायद्यात १९८४ पासून एक अट होती: संगणकाचा कागद पुराव्यात आणायचा तर संगणक नीट चालत होता हे दाखवा. अट जाचक वाटली म्हणून २००० साली ती काढून टाकली. मग संगणक बरोबरच असतो असं गृहीत धरलं जाऊ लागलं आणि तो चुकलाय हे दाखवण्याचं ओझं आरोपीवर आलं. दाखवायला लागणारा डेटा मात्र फिर्यादीच्या कपाटात.

आपल्याकडे ती अट अजून शाबूत आहे. कलम ६३ च्या दुसऱ्या उपकलमात म्हटलंय की त्या काळात संगणक नीट चालत असला पाहिजे. नसेल, तर त्या बिघाडाचा नोंदीवर किंवा तिच्या अचूकतेवर परिणाम झालेला नसावा. भाग ‘अ’मध्येही हे वाक्य आहे. पण तिथे ते आधीच छापलेलं आहे. भरायचे रकाने उपकरणाचे आणि हॅशचे. हे वाक्य सहीबरोबर फुकट जातं. सही करणाऱ्याने ते आपल्या माहिती आणि समजुतीप्रमाणे सांगितलं तरी कायद्याला चालतं. तालुक्याच्या अधिकाऱ्याला काय माहीत असतं? मशिन सुरू होतं, चिठ्ठी निघाली. मशिन चालू होतं आणि मशिन बरोबर चालत होतं, या दोन वाक्यांमधलं अंतर त्याला त्याच्या खुर्चीतून दिसत नाही. भाग ‘ब’चा तज्ज्ञही नमुन्यानुसार उपकरण आणि हॅश बघतो. आवक दोनदा चढली का, हा प्रश्न त्या कागदात कुणी विचारतच नाही.

या प्रमाणपत्रावरचा गाजलेला निकाल मराठवाड्यातलाच. जालना विधानसभेची २०१४ ची निवडणूक, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज मुदतीत आला की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र सक्तीचं. निकाल रास्तच आहे. पण तिथे वाद कॅमेऱ्याच्या चित्राचा होता, आणि कॅमेरा बेरीज-वजाबाकी करत नाही. समोर घडलं ते टिपतो. ई-पॉस किंवा बँकेचं सॉफ्टवेअर टिपतं आणि वर हिशोबही करतं. शिल्लक हा आकडा कुणीच डोळ्यांनी पाहिलेला नसतो, तो मशिनने काढलेला असतो. कायद्याने दोघांना एकाच प्रमाणपत्राच्या दावणीला बांधलंय.

बँकांच्या बाबतीत १८९१ चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायदा बराच जास्त तपशील मागतो. त्याच्या कलम २-अ प्रमाणे नोंदी फक्त अधिकृत माणसंच करतील याची व्यवस्था काय, अनधिकृत बदल कसा पकडला जातो, गेलेला डेटा परत कसा आणतात, हे संगणक सांभाळणाऱ्याने लिहून द्यायचं असतं. रेशनच्या मशिनला असं काही विचारलं जात नाही.

दुकानदारासाठी आणखी एक कडक तरतूद आहे. जीवनावश्यक वस्तू कायद्याचं कलम १०-क म्हणतं, गुन्ह्यासाठी दुष्ट हेतू लागत असेल तर कोर्ट तो आहेच असं धरेल. नव्हता, हे आरोपीने शंकेला जागा न ठेवता दाखवायचं. म्हणून भांडायची जागा हेतूच्या आधीची, म्हणजे मुळात तूट होती का ही. हेतू गृहीत धरता येतो. ४८ कट्टे गृहीत धरता येत नाहीत.

दुकानदाराची पहिली चूक पंचनाम्यावरच होते. ‘तूट मान्य’ असं लिहिलेलं असतं आणि खाली सही. होरायझनमध्येही हेच झालं. दुसऱ्या दिवशी शाखा उघडायची तर आकडा मान्य करावा लागे, आणि मग त्याच सहीवरून खोट्या हिशोबाचा आरोप लागे. सहीशेजारी आपल्या हाताने लिहावं: ‘मोजणी ३८ क्विंटल मान्य, मशिनची शिल्लक मान्य नाही.’ मशिनचा क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, चिठ्ठीची वेळ आणि त्या क्षणी नेट होतं की नव्हतं, हेही पंचनाम्यात यावं. नोंदी सर्व्हरवर पोचायच्या बाकी असतील तर मशिनचा आकडा वेगळा आणि सर्व्हरचा वेगळा, असं होऊ शकतं. आणि मशिन बदलून घ्यायची घाई करू नये. जुन्या मशिनबरोबर तिच्या पोटातल्या नोंदीही जातात.

मग डेटा. चिठ्ठीवर फक्त शेवटची शिल्लक असते, ती उपयोगाची नाही. हवा तो व्यवहारागणिक लॉग, म्हणजे मशिनने आपोआप ठेवलेली नोंद: व्यवहार क्रमांक, चलन क्रमांक, सेकंदापर्यंतची वेळ, कोणाच्या लॉगिनने. सोबत त्या महिन्यातल्या तक्रारींची नोंद, सॉफ्टवेअर कधी बदललं ती तारीख, सर्व्हरवरून कोणी दुरुस्ती केली असेल तर तिची नोंद, आणि त्याच आठवड्यात तालुक्यातल्या आणखी किती दुकानांत तूट निघाली ते. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज लगेच टाकावा, उत्तराची मुदत ३० दिवस. दोषारोपपत्र आल्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम २३० खाली कागदपत्रांच्या प्रती मोफत मिळतात, पण पोलिसांनी जे जोडलं तेवढंच. बाकीचं कलम ९४ खाली कोर्टामार्फत मागवावं लागतं, आणि आरोपनिश्चितीच्या वेळी आरोपीला ते सहसा मिळत नाही, बचावाच्या टप्प्यावर मिळतं. तोवर लॉग पुसला जाऊ नये म्हणून तो जपून ठेवण्याची लेखी मागणी खात्याकडे पहिल्याच आठवड्यात करावी आणि पोच घ्यावी.

जबाबदार कोण, याचं उत्तर कागदावर सापडत नाही. खोटं प्रमाणपत्र देणं हा भारतीय न्याय संहितेच्या (दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम २३४ खाली गुन्हा आहे, पण ते खोटं आहे हे सही करणाऱ्याला माहीत असावं लागतं. ज्याला काहीच माहीत नाही तो सुटतो. ज्याला माहीत असण्याची शक्यता आहे, त्या सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याची सही त्या कागदावर नसतेच. म्हणून बचावाने भाग ‘अ’ भरणाऱ्याला साक्षीला बोलावून घ्यावं आणि मुद्द्याचं विचारावं. सर्व्हरचा लॉग तुम्ही पाहिला होता का? मशिन नीट चालत होतं हे तुम्हाला कोणी सांगितलं, आणि त्याने ते कशावरून सांगितलं? या चलनावरची पहिली आवक ११ वाजून ४१ मिनिटं ४८ सेकंदांची, दुसरी ११ वाजून ४२ मिनिटं ९ सेकंदांची. मधल्या एकवीस सेकंदांत ४८ कट्टे कोणी उतरवले?