योगायोग

कोणी ठरवलेले नसताना दोन घटनांची एकमेकींशी गाठ पडणे, म्हणजे योगायोग. शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘युज्’ (जोडणे) हा धातू आहे. संधी सोडवला की ‘योग’ आणि ‘अयोग’ हाती येतात, म्हणजे जुळणे आणि न जुळणे. एकाच शब्दात दोन्ही शक्यता मावल्या आहेत, हे त्याचे खरे सौंदर्य.

मराठीत ‘योग’ रुजला तो मात्र पंचांगातून. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण या पाच अंगांतला योग सूर्य आणि चंद्र यांच्या भोगांची (राशिचक्रातल्या त्यांच्या स्थानांच्या अंशांची) बेरीज करून काढतात. विष्कंभापासून वैधृतीपर्यंत असे २७ योग आहेत. दुर्मीळ घटनेला आपण ‘कपिलाषष्ठीचा योग’ म्हणतो, तोही इथलाच. भाद्रपद वद्य षष्ठीला मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतीपात योग असावा, शिवाय सूर्य हस्त नक्षत्रात असावा, तेव्हा कुठे ती येते. पण हे सारे आधी गणिताने सांगता येते. म्हणजे आज अकल्पिताला लावला जाणारा शब्द मोजून काढलेल्या गोष्टीवरून आला आहे. ‘योग असेल तर भेटू’ म्हणताना दैवाचा हिशेब मनात असतो. ‘योगायोगाने भेटलो’ म्हणताना तो नसतो. मराठी माणूस दोन्ही वाक्ये सहज बोलतो.

निव्वळ योगायोगासाठी संस्कृतात ‘काकतालीय’ हा शब्द आहे. पाणिनीच्या व्याकरणातल्या ५.३.१०६ या सूत्रावर लिहिताना काशिकावृत्ती ही टीका तो उलगडते : कावळा आला, त्याच वेळी ताडाचे फळ पडले आणि कावळा मेला. मराठीत ताड गेला, फांदी आली : ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.’ हा बदल किरकोळ नाही. संस्कृतातला कावळा बळी आहे. मराठीतल्या कावळ्यावर आळ येतो आणि म्हण त्याची बाजू घेते. एकापाठोपाठ घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले असे नव्हे, हा तर्कशास्त्राचा धडा ती एका ओळीत देते.

कावळ्याच्या येण्याला काशिकेने ‘यादृच्छिक’, म्हणजे आपसूक घडलेले, म्हटले आहे. त्यामागची ‘यदृच्छा’ श्वेताश्वतर उपनिषदात (१.२) काळ, स्वभाव आणि नियती यांच्या जोडीने जगाच्या संभाव्य कारणांत मोजली आहे. संख्याशास्त्राच्या मराठी पुस्तकांतला ‘यादृच्छिक नमुना’ हा तिचाच वंशज.