बॉयलरचा काटा सारखा खाली येतोय: पाणी गळतंय की एक्स्पान्शन व्हेसल बसलंय?

ब्रिटनमध्ये थंडी पडली आणि हीटिंग सुरू झालं की कॉम्बी बॉयलरची (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणाऱ्या बॉयलरची) एक तक्रार हमखास निघते: आतल्या पाण्याचा दाब उतरला आणि बॉयलर बंद पडला. व्हेलंटच्या इकोटेकवर एफ २२, आयडियल लॉजिकवर एफ १ असा कोड येतो. घरातलं कुणीतरी फिलिंग लूप (नळाचं पाणी हीटिंगमध्ये भरणारी जोडणी) उघडून दाबाचा काटा पुन्हा दीड बारवर (बार हे दाबाचं एकक) आणतं, बॉयलर सुरू होतो आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच.

या एका लक्षणामागे दोन निराळे दोष असू शकतात. एकात रेडिएटर, पाइप किंवा बॉयलरमधून पाणी झिरपत असतं. दुसऱ्यात सगळे सांधे धडधाकट असतात, पण तापलेल्या पाण्याला फुगायला जागा नसते, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह ते घराबाहेर सोडून देतो. बॉयलर थंड असताना दोन्हींत काटा सारखाच दिसतो, आणि लोक नेमका तेव्हाच तो बघतात. तो बघायचा बॉयलर ऐन गरम असताना.

त्याआधी एक गोष्ट बाजूला काढू. गॅसचा वास आला, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, किंवा हीटिंग चालू असताना घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं, तर काटा बघत बसू नका. मीटरजवळचा गॅसचा कॉक बंद करा, खिडक्या-दारं उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका, बाहेर या आणि ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर फोन करा. ग्रेट ब्रिटनमध्ये तो चोवीस तास चालतो. खाली जे आहे ते फक्त पाण्याच्या दाबाबद्दल आहे.

फुगणाऱ्या पाण्याचा हिशेब

मध्यम घरातल्या पाइप-रेडिएटरांत मिळून साधारण १०० लिटर पाणी असतं असं धरू. ते १० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापलं की सव्वादोन टक्क्यांच्या आसपास फुगतं, म्हणजे सव्वादोन लिटर जास्तीचं पाणी तयार होतं. यंत्रणा चहूबाजूंनी बंद आहे आणि पाणी दाबलं जात नाही. मग हे पाणी जाणार कुठे? त्यासाठीच एक्स्पान्शन व्हेसल असतं: बॉयलरच्या आत बसवलेलं, बहुतेकदा लाल किंवा राखाडी रंगाचं पत्र्याचं भांडं. त्याच्या मधोमध रबराचा पडदा असतो. एका बाजूला हीटिंगचं पाणी, दुसऱ्या बाजूला कोरडी हवा. पाणी फुगलं की पडदा सरकतो, हवा दबते आणि काटा थोडासाच चढतो.

८ लिटरचं व्हेसल, थंड काटा १ बारवर आणि हवा पूर्ण ८ लिटर आहे असं समजा. सव्वादोन लिटर पाणी आत शिरलं की दाब पावणेदोन ते १.८ बारपर्यंत जातो. हे निरोगी यंत्रणेचं वागणं. आता काटा तसाच १ बारवर आहे, पण वर्षानुवर्षं झिरपून हवा २ लिटरच उरली आहे. २ लिटर हवेत सव्वादोन लिटर पाणी मावणार नाही. १ लिटर शिरल्यावरच दाब ३ बारला टेकतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. उरलेलं सव्वा लिटर पाणी बाहेरच्या भिंतीतल्या पाइपातून गटारात जातं. रात्री यंत्रणा थंड झाली की तेवढं पाणी कमी भरतं आणि काटा पाव बारवर येऊन बसतो. अर्ध्या बारच्या खाली बरेच बॉयलर पेटायलाच नकार देतात. म्हणून हा दोष सकाळी उठल्यावर सापडतो, जरी पाणी आदल्या संध्याकाळीच गेलेलं असलं तरी.

गळतीची चाल वेगळी. ०.७५ बार हवा भरलेल्या ८ लिटरच्या चांगल्या व्हेसलमध्ये, काटा दीडवर असताना, सुमारे २.४ लिटर पाणी साठलेलं असतं. एखाद्या रेडिएटरच्या व्हॉल्व्हमधून दर दहा सेकंदांनी एक थेंब पडत असेल तर दिवसाला सव्वाचारशे मिलिलिटरच्या आसपास पाणी जातं. पाच-साडेपाच दिवस काटा शांतपणे उतरत राहतो. मग व्हेसलमधलं साठलेलं पाणी संपतं आणि तो एकदम कोसळतो. घरच्यांना वाटतं की आजच काहीतरी बिघडलं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे व्हेसल बसलेलं (म्हणजे त्यातली हवा गेलेली) असेल तर क्षुल्लक गळतीही भयंकर दिसते, कारण मागे साठाच नसतो. एका रेडिएटरमधली हवा काढली आणि काटा दीडवरून थेट शून्यावर आला, तर आधी व्हेसलवर संशय घ्यायचा. हवा काढल्यावर दाब थोडा उतरणं मात्र स्वाभाविक आहे. एकदा भरून घ्यावं आणि विसरून जावं.

एक संध्याकाळ आणि एक रात्र

हीटिंग किमान तीन-चार तास बंद ठेवून यंत्रणा पूर्ण थंड होऊ द्या. फिलिंग लूपने दाब १.२ बारवर आणा आणि लूपचे दोन्ही कॉक घट्ट बंद करा. विणलेल्या तारेची सुटी नळी असेल तर ती काढूनच ठेवा. वापर झाल्यावर ती जोडलेली ठेवायचीच नसते. काट्याचा फोटो काढा. मग सगळे रेडिएटर पूर्ण उघडून हीटिंग पाऊण तास चालवा आणि पुन्हा फोटो काढा. काटा १.६ ते २ बारच्या दरम्यान थांबला तर व्हेसल काम करतंय. तो अडीचच्या पुढे चढत राहिला तर व्हेसलमधली हवा गेली आहे असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं.

चाचणीआधी घराबाहेर एक फेरी मारा. बॉयलरच्या मागच्या भिंतीतून १५ मिलिमीटरचा तांब्याचा पाइप बाहेर येऊन परत भिंतीकडे वळलेला असतो. त्याच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी सैलसर अडकवा. हीटिंगनंतर पिशवीत पाणी साचलं तर दाब कुठून गेला हे कळलं. हात मात्र जपून लावा, त्या पाइपातून कढत पाणी येऊ शकतं. आणि चाचणी झाली की पिशवी काढा. भिंत ओली होते म्हणून काही महाभाग या पाइपाला टोपण बसवतात. ३ बारला उघडणाऱ्या व्हॉल्व्हची वाट बंद करणं यासारखा धोकादायक उपाय दुसरा नाही.

गरम असताना काटा व्यवस्थित वागला असेल तर गळती शोधायची. यंत्रणा थंड झाल्यावर आकडा लिहून ठेवा आणि रात्रभर हीटिंग बंद ठेवा. हीटिंग न चालताही काटा खाली आला तर पाणी नक्की झिरपतंय. पुढच्या रात्री, बॉयलर थंड असताना त्याचा विजेचा स्विच बंद करून, बॉयलरच्या खाली असलेले फ्लो (गरम पाणी रेडिएटरकडे नेणारा) आणि रिटर्न (ते परत आणणारा) या पाइपांचे दोन कॉक बंद करा. हीटिंगचे कॉक कुठले हे बॉयलरच्या पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं असतं. गॅसच्या कॉकशी गल्लत करू नका. सकाळी काटा उतरलेला असेल तर गळती बॉयलरमध्ये. तो जागचा हलला नसेल, आणि कॉक उघडून पुढच्या रात्री उतरला, तर गळती घरातल्या पाइपांत किंवा रेडिएटरांत. (जुने कॉक वर्षानुवर्षं फिरवलेले नसतील तर फिरवल्यावर त्यांच्याच दांड्यातून पाणी येऊ लागतं. कॉक अडकलेला वाटला तर पान्याने जोर करू नका.)

घरातली गळती डबक्यासारखी दिसेलच असं नाही. गरम पाइपावरचा थेंब पडायच्या आत सुकून जातो आणि मागे फक्त हिरवट किंवा पांढरा डाग उरतो. रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या नटांभोवती कोरडा टिश्यू फिरवा. काही सांधे थंड असतानाच झिरपतात आणि धातू तापून फुगला की बंद होतात, म्हणून ही तपासणी पहाटेच करावी.

बॉयलरच्या आतली एक गळती चांगल्या कारागिरालाही चकवते. मुख्य हीट एक्स्चेंजरला (ज्वाळेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाला) बारीक भेग पडली की पाणी कंडेन्सेटच्या (धुरातली वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याच्या) प्लॅस्टिक पाइपातून निघून जातं, कुठे ओलसुद्धा दिसत नाही. बॉयलर चालू असताना त्या पाइपातून पाणी येणं योग्यच आहे. बॉयलर काही तास बंद असूनही थेंब पडत राहिले तर इंजिनिअरला बोलवा.

जेव्हा दोन्ही दोष एकदम असतात

व्हेसल बसलं की सेफ्टी व्हॉल्व्ह पुन:पुन्हा उघडतो. हीटिंगच्या पाण्यातला काळा गाळ त्याच्या बैठकीत अडकतो आणि मग तो १ बारलाही पूर्ण मिटत नाही. आता बाहेरचा पाइप रात्रंदिवस ठिबकतो, म्हणजे मूळ दोष व्हेसलचा असूनही लक्षणं गळतीची. अशा वेळी नुसता व्हॉल्व्ह बदलला तर नवा व्हॉल्व्हही काही आठवड्यांत त्याच वाटेने जातो. नुसतं व्हेसल भरलं तर जुना व्हॉल्व्ह गळत राहतो. दोन्ही कामं एकाच भेटीत करून घ्यावीत.

हीटिंग बंद असताना काटा आपोआप वर चढत असेल, तर मामला तिसराच आहे: फिलिंग लूपचा कॉक नीट बंद होत नाही, किंवा नळाचं पाणी तापवणाऱ्या प्लेट हीट एक्स्चेंजरला छिद्र पडून रस्त्यावरच्या मेनचं पाणी हीटिंगमध्ये घुसतंय. सुटी नळी काढूनही काटा चढला तर दुसरं कारण धरा.

लूप उघडून दाब भरत राहणं हा उपाय वर्षातून एक-दोनदा ठीक. आठवड्याला भरलात तर दरवेळी पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो, रेडिएटर आतून गंजतात, गंज रोखणारं रसायन पातळ होतं, आणि लंडन व आग्नेय इंग्लंडच्या जड पाण्यात हीट एक्स्चेंजरवर चुनाही चढतो. बाटलीतून मिळणाऱ्या गळती-रोधक द्रवाबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. सांध्यातल्या बारीक झिरपीवर तो कधी लागू पडतो, पण व्हेसल बसलं असेल तर त्याचा काडीचाही उपयोग नाही. दोष ओळखण्याआधी तो ओतण्यात अर्थ नाही.

कुणाला बोलवायचं आणि काय सांगायचं

रेडिएटरचा नट, व्हॉल्व्ह, दिसणारा पाइप यांची गळती साधा प्लंबरही काढू शकतो. बॉयलरचं आवरण उघडायचं असेल तर गॅस सेफ रजिस्टरवर (गॅसचं काम करायला परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीवर) नोंदलेलाच इंजिनिअर हवा. बऱ्याच बॉयलरांत हे आवरणच ज्वलनकक्षाची हवाबंद सील असतं, त्यामुळे ते काढणं हे गॅसचं काम ठरतं. त्याच्या गॅस सेफ कार्डाची मागची बाजू बघा. कुठल्या कामांची पात्रता आहे ते तिथे लिहिलेलं असतं. २००९ मध्ये कॉर्गी या जुन्या नोंदणीची जागा गॅस सेफने घेतली, तेव्हा आज कुणी कॉर्गीचं कार्ड पुढे केलं तर त्याला घरात घेऊ नका. भाड्याच्या घरात असाल तर कॉक फिरवत बसण्यापेक्षा दोन्ही फोटो घरमालकाला पाठवा. इंग्लंडमध्ये हीटिंग आणि गरम पाण्याची दुरुस्ती १९८५ च्या कायद्याने सहसा त्याच्याच माथी आहे.

फोनवर ‘दाब उतरतो’ एवढंच सांगू नका. थंड काटा किती, पाऊण तासानंतर किती, उतरायला किती वेळ लागला आणि बाहेरच्या पिशवीत पाणी होतं का, हे सांगा. योग्य सुटे भाग घेऊनच माणूस येतो आणि दुसरी फेरी वाचते.

व्हेसल भरताना इंजिनिअरने बॉयलरमधलं पाणी सोडून काटा आधी शून्यावर आणायला हवा आणि ड्रेन उघडा ठेवायला हवा. पाण्याचा दाब असतानाच हवेच्या तोंडाला गेज लावला तर तो पलीकडच्या पाण्याचाच दाब दाखवतो आणि रिकामं व्हेसलही भरलेलं वाटतं. ही चूक सर्रास होते. ते तोंड मोटारीच्या टायरलाच असतं तसं असतं. पिन दाबल्यावर हवा आली तर पडदा शाबूत आहे. पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत, बहुधा ०.७५ ते १ बार, हवा भरली की झालं. पाणी आलं तर पडदा फाटला आहे, मग हवा भरण्यात वेळ घालवू नये. काही बॉयलरांत आतलं व्हेसल काढायला अख्खा बॉयलर भिंतीवरून उतरवावा लागतो. तिथे रिटर्नच्या पाइपावर बाहेरून नवं व्हेसल जोडणं सोपं आणि स्वस्त पडतं.

इंजिनिअर निघण्याआधी त्याच्यासमोर हीटिंग चालवून गरम काटा बघून घ्या. हवा भरलेलं व्हेसल सहा महिने-वर्षभर टिकलं तर उत्तम. महिन्याभरात काटा पुन्हा अडीचच्या पुढे गेला, तर हवा पडद्यातून निसटतेय किंवा तोंडाची पिन गळतेय. पिनवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायला सांगा. बुडबुडे आले तर पिन बदलून भागेल, नाही आले तर व्हेसल नवीनच घ्यावं लागेल.