हळदीच्या गावातला टॅटू

भाचा हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या चार बोटं वर, टॅटू काढून घरी आला त्या संध्याकाळी माझी आई स्वयंपाकघरातून हळदीचा डबा घेऊनच बाहेर आली. "आरं, रक्त दिसतंय की त्यावर. हळद दाब आधी." सांगलीत राहणाऱ्या आजीला दुसरं काही सुचणारच नाही. मी तिचा हात धरला तेव्हा माझी नजर तिच्याच हातावरच्या गोंदणाकडे गेली. सात-आठ वर्षांची असताना जतच्या यल्लम्माच्या जत्रेत गोंदणारणीनं काढलेलं तुळशीवृंदावन. काजळाची शाई आणि दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया. आज त्या रेघा निळसर-हिरव्या झाल्यात, फुगल्यात, कडा मऊ पडल्यात. शेजारी भाच्याच्या हातावरची रेघ काळीभोर आणि केसासारखी बारीक. हे दोन हात जवळ जवळ धरून बघितले की टॅटूचं अर्धं विज्ञान तिथंच दिसतं.

आपल्या त्वचेचा वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाच जाड असतो. तो सतत झडतो आणि खालून नवा येतो. साधारण महिन्या-दीड महिन्यात सगळ्या पेशी बदलतात. शाई तिथं राहिली असती तर मेंदीसारखी निघून गेली असती. म्हणून सुई तो थर ओलांडून एक ते दोन मिलिमीटर खोल, अंतस्त्वचेत जाते. यंत्राची सुई मिनिटाला शेकडो, कधी हजारो वेळा वरखाली होते. असं विजेवर चालणारं टॅटूचं यंत्र सॅम्युएल ओरायली यांनी 1891 मध्ये न्यूयॉर्कमध्ये पेटंट केलं. त्यामागची कल्पना थॉमस एडिसन यांच्या, कागदाला भोकं पाडणाऱ्या विजेच्या लेखणीवरून आली होती.

शरीराच्या दृष्टीनं ही हजारो टोचणी म्हणजे हजारो जखमा, आणि शाई म्हणजे घुसखोर. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी लगेच धावून येतात आणि शाईचे कण गिळतात. जंतू असता तर त्यांनी पचवून टाकला असता. पण काजळ म्हणजे कार्बन, तो पचत नाही. कणांचे गोळेही मोठे असतात, उचलून नेता येत नाहीत. मग ती पेशी शाई पोटात धरून तिथंच बसते. काही बारीक कण मात्र वाहत जाऊन काखेतल्या किंवा जांघेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत, म्हणजे जंतू गाळणाऱ्या गाठींपर्यंत, पोहोचतात, आणि त्या ग्रंथींनाही रंग चढतो.

बरीच वर्षं समज असा होता की या पेशी दीर्घायुषी असतात, म्हणून टॅटू टिकतो. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांच्या शेपटीवर हिरवा टॅटू काढून हे तपासलं. त्यांनी त्वचेतल्या शाई धरलेल्या मॅक्रोफेज पेशी मारून टाकल्या. टॅटू जसाच्या तसा राहिला! पेशी मेल्या, शाई सांडली, आणि नव्यानं आलेल्या पेशींनी तीच शाई जागेवरच पुन्हा गिळली. म्हणजे टॅटू टिकतो तो एका पेशीच्या चिकाटीनं नव्हे, तर शाई एका हातातून दुसऱ्या हातात देत राहिल्यानं. मला हे फार मोहक वाटतं. आईच्या हातावरचं तुळशीवृंदावन सत्तर वर्षं असं हातोहात जपलं गेलंय. प्रत्येक देवाणघेवाणीत कण जरा इकडंतिकडं सरकतो, म्हणून रेघा फुगतात. आणि काजळ काळं असूनही निळसर दिसतं, कारण आत खोल गेलेला लाल प्रकाश शाईत शोषला जातो आणि निळा प्रकाश त्वचेतूनच विखरून परत येतो. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात त्यामागेही प्रकाशाचा असाच काहीसा खेळ असतो.

आता हळदीकडे येते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरच्या पेवांतली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतली, हळद आमच्या बोलण्यातही असते, आणि मला या पिकाचा अभिमान आहे. हळदीतलं कुरकुमिन प्रयोगशाळेत जंतूंची वाढ रोखतं, हेही खरं. पण हळदीत ते असतं शेकडा दोन ते पाच भाग, आणि पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. उरलेलं सगळं म्हणजे पिष्ट, तंतू आणि माती लागलेल्या कंदाचा इतिहास. हळद शिजवतात, उघड्यावर उन्हात वाळवतात, पॉलिश करतात, दळतात. मातीतल्या काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातूनही तगतात. आमटीत ती हळद पडते तेव्हा आपलं जठर ते सांभाळून घेतं. पण ताज्या टॅटूवर हजारो उघडी भोकं असतात आणि मॅक्रोफेज आधीच शाईत गुंतलेल्या असतात. तिथं न निर्जंतुक केलेली पूड दाबणं म्हणजे त्यांच्यापुढं आणखी कण टाकणं. आईला मी एवढंच म्हटलं, "आई, त्याच्या हातात आधीच एक पूड भरलीय. दुसरी नको." ते तिला पटलं, डबा परत फळीवर गेला.

मग करायचं काय? फार थोडं. हात साबणानं धुवून आर्टिस्टनं लावलेली फिल्म त्यानं सांगितलेल्या वेळी काढायची. कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण बोटांनी हळूच फिरवायचा, स्वच्छ कापडानं टिपायचं, चोळायचं नाही. नंतर बिनवासाच्या मलमाचा पातळ हात. मलम यासाठी की जखम ओलसर राहिली तर लवकर भरते. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांच्या त्वचेवर दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगानं पसरते. पण मलमाचा थर जाड झाला की त्वचा पांढरी, लिबलिबीत होते आणि जंतूंना आयतं घर मिळतं. चौथ्या-पाचव्या दिवशी भाच्याच्या हातावरून रंगीत पापुद्रे सुटू लागले आणि तो घाबरला, "मावशी, टॅटू निघून चाललाय!" निघत होती ती बाह्यत्वचा, वरवर अडकलेल्या शाईसकट. खाज जोरात सुटते तेव्हा नखानं खपली काढली तर मात्र खालची शाईही ओढली जाऊ शकते. तिथं हलकेच थोपटावं.

दोन-तीन आठवडे पोहणं बंद. कृष्णेच्या माई घाटावर रोज उडी मारणाऱ्याला हे जड जातं, पण नदीचं पाणी उघड्या जखमेसाठी नाहीच. उन्हापासून झाकावं, तेही सैल सुती बाहीनं. जखम पूर्ण भरल्यावर सनस्क्रीन. म्हणूनच तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. गणपतीच्या आधी आठवडाभर टॅटू काढायला गर्दी होते, आणि विसर्जनाला त्याच हातावर गुलाल, घाम आणि कृष्णेचं पाणी येतं. महिनाभर आधी काढा, नाहीतर दसऱ्यानंतर.

जागाही विचार करून निवडा. भाचा सैन्यभरतीची तयारी करतो, त्याचा मित्र साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावचा. सैन्यभरतीच्या जाहिरातींत कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूवरच चालतो, असं दिलेलं असतं. म्हणून भाच्यानं ती जागा घेतली. भरतीला जाणाऱ्या प्रत्येकानं त्या वर्षीची जाहिरात वाचूनच सुईखाली हात द्यावा.

बुकिंग करताना चित्रांच्या अल्बमपेक्षा टेबलाकडे जास्त लक्ष द्या. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं का, शाई छोट्या वाटीत वेगळी ओतली का, आणि ती पातळ करायला पाणी कोणतं घेतलं? हा शेवटचा प्रश्न मी हट्टानं विचारायला सांगते. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात 2011 च्या अखेरीस एकाच राखाडी शाईमुळे 19 जणांच्या टॅटूत क्षयरोगाच्या जंतूच्या कुळातला एक जिवाणू शिरला होता. पाण्यात सहज राहणारे हे जंतू नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. आठवड्यांनंतरही टॅटूवर लाल पुटकुळ्या आल्या, किंवा सुरुवातीच्या दिवसांनंतर लाली, दुखणं आणि ताप वाढत गेला, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि टॅटू कधी काढला ते सांगा. कावीळ बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवसही जिवंत राहतो. त्याची लस आधी घेतलेली बरी. मधुमेह असेल किंवा कान टोचल्यावर गाठ उठली असेल, तर डॉक्टरांना आधी विचारा.

महिन्यानं भाच्याच्या हातावरची चकाकी गेली, रेघ त्वचेत बसली. गल्लीतल्या मंडळाच्या रक्तदान शिबिरात तो दरवर्षी पहिला असतो. टॅटूनंतर वर्षभर रक्त देता येत नाही हे त्याला माझ्याकडूनच कळलं, आणि त्याचं तोंड खरंच उतरलं. आता त्यानं कपाटाच्या दाराआड पेन्सिलनं तारीख लिहून ठेवलीय.