तानपुऱ्याच्या विरत्या नादात डॅकची परीक्षा

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडीकडच्या कितीतरी घरांत शास्त्रीय गायनाच्या सीडी अजून जपून ठेवलेल्या आहेत. एकच सीडी दोन प्लेअरवर वेगळी का वाजते, हा प्रश्न ऐकणाऱ्यांना हमखास पडतो. सीडीवरचे आकडे तर तेच असतात. फरक पडतो तो आकड्यांचा पुन्हा सिग्नल करणाऱ्या भागात, म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, अर्थात डॅकमध्ये.

सीडीवर प्रत्येक चॅनलसाठी सेकंदाला 44,100 आकडे असतात. प्रत्येक आकडा 16 बिटांचा, म्हणून आवाजाच्या 65,536 पायऱ्या. प्लेअरचं आउटपुट साधारण 2 व्होल्ट आरएमएस (एक प्रकारची सरासरी), म्हणजे टोकापासून टोकापर्यंत सुमारे 5.66 व्होल्ट धरलं, तर एक पायरी जेमतेम 86 मायक्रोव्होल्टची.

जुन्या धाटणीचा डॅक समजून घ्यायला जांभळी नाक्यावरच्या बाजारातला तराजू डोळ्यांसमोर आणा. दर बिटाला एक अशी वजनं 16, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. सगळ्यात मोठं 32,768 पायऱ्यांचं. त्यात 0.01 टक्का खोट निघाली, तरी तीनहून जास्त पायऱ्यांची चूक होते. खरी गोम पुढेच आहे. आवाजाची लाट शून्य ओलांडते, नेमकी तेव्हा पंधरा लहान वजनं उतरवून ते एक मोठं चढवावं लागतं. आवाज मोठा असला की ही चूक झाकली जाते. पण तानपुऱ्याचा नाद विरत जातो तेव्हा लाट शून्याच्या आसपासच घोटाळत असते, आणि नादाला बारीक खरखर चिकटते. म्हणूनच प्लेअर पारखायला मला ढोल-ताशापेक्षा तानपुरा कितीतरी बरा वाटतो.

दुसरी अडचण फिल्टरची. डॅकमधून 22,050 हर्ट्झच्या वर मूळ आवाजाच्या नको असलेल्या प्रतिमा निघतात. त्या गाळताना ऐकू येणाऱ्या वरच्या स्वरांना धक्का लागता कामा नये. सोनीच्या 1982 च्या पहिल्या प्लेअरमध्ये त्यासाठी फार तीव्र उताराचा ॲनालॉग फिल्टर होता. फिलिप्सने वेगळी वाट धरली: डॅक 14 बिटांचाच, पण चौपट वेगाने, 176.4 किलोहर्ट्झवर चालवलेला. प्रतिमा दूर गेल्या, साधा फिल्टर पुरला, आणि बिट कमी असल्याने येणारा गोंगाट कानाच्या टप्प्यापलीकडे ढकलल्यामुळे 16 बिटांच्या जवळपासची अचूकताही मिळाली. मला ही युक्ती आजही थक्क करते.

पुढे वन-बिट डॅक आले, म्हणजे अतिशय वेगाने नुसतं चालू-बंद करून सिग्नल घडवणारे. त्यांत वजनंच नाहीत, त्यामुळे शून्याजवळची ती चूकही नाही. मात्र डॅकला ताल देणाऱ्या आतल्या घड्याळाचे ठोके अचूक हवेत. ते किंचित मागेपुढे झाले की आवाज गढुळतो.

आजच्या साध्या चिपसुद्धा या कसोट्यांना उतरतात. तेव्हा जुना प्लेअर भंगारात देण्याआधी मागे कोअ‍ॅक्सियल किंवा ऑप्टिकल आउटपुट (आकडे तसेच बाहेर देणारं) आहे का ते बघा. असेल तर बाहेरचा डॅक जोडता येतो. सीडी अडकत किंवा उड्या मारत असेल, तर मात्र दोष डॅकचा नाही; आधी लेन्स साफ करून घ्या.